वेल्डिंग नाही तुटलं, बाजूचं लोखंड तुटलं

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत कापसाचा हंगाम सुरू झाला की वेल्डिंगच्या दुकानांचाही हंगाम सुरू होतो. पावसाळाभर गोठ्यालगत उभी असलेली ट्रॉली बाहेर निघते, जिनिंगच्या रांगेत लागते आणि भरल्या वजनानिशी खड्ड्यात आदळली की दांड्याची कडी तुटते. ट्रॉली दुकानासमोर येते, मालक कपाळाला हात लावतो, आणि वेल्डर तुटका भाग उचलून उजेडात धरतो. त्याचं वाक्य ठरलेलं असतं: ‘‘आपलं वेल्डिंग नाही तुटलं भाऊ, पाहून घ्या. बाजूचं लोखंड तुटलं.’’

तो खोटं बोलत नसतो. जोडाचा मणी जसाच्या तसा असतो आणि तडा त्याच्या कडेकडेनं, दोन-तीन मिलिमीटरचं अंतर राखून गेलेला असतो. मालकालाही पटतं की जोड भक्कम होता, लोखंडच कच्चं निघालं. पण ते लोखंड कारखान्यातून कच्चं आलं नव्हतं. वेल्डिंगनंच ते तसं झालं. गेली ऐंशीहून अधिक वर्षं वेल्डिंगचं धातुशास्त्र त्या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्याभोवती घुटमळतं आहे. पोलाद जितकं ताकदवान होत गेलं, तितका हा पट्टा नाजूक विषय झाला. या सगळ्या अभ्यासातून हाती काय लागलं आणि त्यातलं आपल्या गावच्या दुकानापर्यंत किती पोचलं, ते पाहू.

आर्वीला हा प्रश्न फार जुना नाही. १९१७ साली सुरू झालेली पुलगाव-आर्वी नॅरोगेज सुमारे ३५ किलोमीटरची. तिचे रूळ फिशप्लेट आणि बोल्टांनी जोडलेले. त्या काळी लोखंडाला लोखंड जोडायचं म्हणजे रिव्हेट नाहीतर बोल्ट. पुढे वेल्डिंग आलं, पण कामाला येणारं लोखंड बहुधा ‘माइल्ड स्टील’ असायचं. ते फार सोशिक. कसाही रॉड ओढा, कशाही हवेत ओढा, ते निभावून नेतं. आपल्याकडच्या वेल्डिंगच्या सगळ्या सवयी या सोशिक लोखंडानं लावलेल्या आहेत.

आता माल बदलला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला. हा रस्ता आर्वी तालुक्यातूनही जातो. अशा कामांबरोबर टिपर येतात, पोकलेन येतात, आणि त्यांच्या दुरुस्त्या जवळच्या गावात होतात. टिपरच्या हौद्याला हार्डॉक्ससारखी झीजरोधक प्लेट असते, बकेटच्या ओठाला आणि दातांना मिश्रपोलाद असतं. इमारतीच्या सांगाड्यात ई २५० च्या जागी ई ३५० आणि त्याहून वरच्या प्रतीचं पोलाद येऊ लागलं आहे. ट्रॉली बांधणारा कारागीर भंगारातला कमानीचा पाटा कापून कडीला ठिगळ लावतो, कारण ‘पाट्याचं लोखंड जबरदस्त असतं’. असतंच. पण ते वेल्डिंगला जबरदस्त नसतं.

हे समजायला लोहाराच्या भात्यापाशी गेलेलं बरं. विळ्याची धार टिकावी म्हणून लोहार पातं लालबुंद तापवतो आणि पाण्यात बुडवतो. याला आपण ‘पाणी देणं’ म्हणतो. लाल पोलादात कार्बन विरघळून मोकळा फिरत असतो. संथ थंड होऊ दिलं तर तो आपली जागा शोधून वेगळा बसतो. झटकन थंड केलं तर जिथल्या तिथे अडकतो, आणि मार्टेन्साइट नावाची ताणलेली, कठीण, ठिसूळ रचना तयार होते. म्हणून शहाणा लोहार पाणी दिल्यावर पातं पुन्हा हलकं शेकतो.

वेल्डिंगमध्येही पाणी दिलं जातं, फक्त पाणी दिसत नाही. रॉडखाली लोखंड १५०० अंशांच्या पुढे जाऊन वितळतं. लगतचा पट्टा वितळत नाही, पण लालबुंद होतो. त्याच्या पलीकडे वीस मिलिमीटर जाडीची थंडगार प्लेट असते, आणि ती त्या पट्ट्यातली उष्णता पाण्याइतक्याच हावरेपणानं ओढून घेते. ८०० अंशांवरून ५०० अंशांवर यायला किती सेकंद लागले, यावर जवळजवळ सगळं ठरतं. जाड प्लेटवर बारीक रॉडचा छोटासा टाका मारला तर हा वेळ दोन-चार सेकंदांचाच उरतो. म्हणजे पाणी दिलं गेलं, पण नंतरचं शेकणं झालंच नाही. या पट्ट्याला उष्णताबाधित पट्टा म्हणतात, आणि आपल्या वेल्डरचं ‘बाजूचं लोखंड’ ते हेच.

कठीणपणा मोजायचा कसा, हा प्रश्न त्या मानानं लवकर सुटला. ब्रिनेलनं १९०० साली पोलादी गोळी दाबून खड्डा मोजायची रीत दिली. पण दहा मिलिमीटरची गोळी दोन मिलिमीटरच्या पट्ट्यात काय मोजणार? १९२० च्या दशकात इंग्लंडच्या विकर्स कंपनीत १३६ अंशांच्या हिऱ्याच्या टोकाची पद्धत निघाली आणि अरुंद पट्टा मोजता येऊ लागला. दहा किलोचा भार देऊन हिरा दाबायचा आणि उमटलेल्या चौकोनाचा कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. कर्ण ०.२३ मिलिमीटर आला तर कठीणपणा विकर्स ३५०. मोहरीच्या दाण्याहूनही लहान अशा त्या खुणेवर अख्ख्या पुलांची कंत्राटं मंजूर-नामंजूर होत आली आहेत.

बाजूचा पट्टा कमाल किती कठीण चालेल याची रेघ मानलेला हा ३५० चा आकडा या विषयातला सर्वांत प्रसिद्ध आणि सर्वांत गैरसमजाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत रिव्हेटची कामं भराभर वेल्डिंगवर आली आणि कोणतं पोलाद वेल्ड करावं, कोणतं टाळावं, हे ठरवायची निकड पडली. १९४० साली डिअर्डन आणि ओ’नील या ब्रिटिश अभ्यासकांनी पोलादातल्या प्रत्येक घटकाचा कठीणपणावरचा परिणाम कार्बनच्या भाषेत मांडला. त्यातून पुढे आंतरराष्ट्रीय वेल्डिंग संस्थेचं ‘कार्बन तुल्यांक’ सूत्र आलं: कार्बन, अधिक मँगनीजचा सहावा भाग, अधिक क्रोमियम-मॉलिब्डेनम-व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा भाग, अधिक निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा भाग. आजही टेस्ट सर्टिफिकेटवर ‘सीई’च्या रकान्यात हेच छापलेलं असतं.

हिशेब सोपा आहे. ई ३५० च्या प्लेटमध्ये कार्बन ०.१८ टक्के आणि मँगनीज १.४५ टक्के असेल तर तुल्यांक सुमारे ०.४२. कमानीच्या पाट्यात कार्बन ०.५५ आणि मँगनीज ०.८५ धरलं तर जवळपास ०.७०. ढोबळ मानानं ०.४० च्या आत निवांत राहावं, ०.४५ च्या पुढे जपावं आणि ०.६० च्या पुढे हात लावण्याआधी विचार करावा. आपल्या आयएस २०६२ मानकात ई २५० ला कमाल ०.४२ आणि ई ३५० ला ०.४७ एवढी मोकळीक आहे. ई ४५० ला ०.५२. ताकद वाढते तशी मोकळीकही वाढते, आणि तिच्याबरोबर जबाबदारी वेल्डरच्या अंगावर येते.

सूत्राची खोट १९६० च्या दशकात उघडी पडली. बाजारात कमी कार्बनची नवी पोलादं आली. नायोबियम, व्हॅनेडियम, टायटॅनियम चिमूटभर टाकून आणि लाटताना तापमान काटेकोर सांभाळून त्यांच्यात ताकद आणलेली होती. जुनं सूत्र त्यांना उगाच वाईट ठरवत होतं. १९६८ च्या सुमारास इतो आणि बेस्यो या जपानी संशोधकांनी नवं सूत्र दिलं. त्यात कार्बनचं वजन पूर्ण, पण मँगनीजला फक्त विसावा भाग. पुढे १९७६ मध्ये ग्रॅव्हिलनं कार्बन एका अक्षावर आणि तुल्यांक दुसऱ्या अक्षावर मांडून नकाशाच काढला. कार्बन खूप कमी असेल तर तुल्यांक चढा असूनही पोलाद शहाण्यासारखं वागतं, हे त्यावर एका नजरेत दिसतं. मला स्वतःला या विषयातलं हे सर्वांत उपयोगी चित्र वाटतं. कारण मार्टेन्साइट किती कठीण होणार हे जवळपास कार्बनच ठरवतो: ०.२० टक्के कार्बनला सुमारे विकर्स ४७०, ०.०८ टक्क्याला ३६० च्या आसपास. इतर घटकांवर मार्टेन्साइट होईल की नाही एवढंच ठरतं. पाणी चढणार का, हा एक प्रश्न. चढलं तर किती चढणार, हा दुसरा. जुन्या सूत्रानं दोन्हींची खिचडी केली होती.

मग ३५० चं काय? ती निसर्गानं आखलेली रेघ नाही. त्या काळच्या पोलादांना, त्या काळच्या ओलसर रॉडांना लागू पडलेला तो अनुभवाचा आकडा आहे. आजची कार्यपद्धती-चाचणीची आंतरराष्ट्रीय मानकं साध्या पोलादाला, जोडानंतर उष्णोपचार नसेल तर, ३८० पर्यंत जाऊ देतात आणि क्वेंच-टेंपर केलेल्या, म्हणजे पाणी देऊन शेकलेल्या, उच्च ताकदीच्या पोलादाला ४५० पर्यंत. उलट तेलविहिरींतल्या सल्फरयुक्त वायूच्या पाइपांना २५० च्या वर मनाई आहे. एकाच मापाला इतक्या वेगवेगळ्या मर्यादा, याचा अर्थ इतकाच की कठीणपणा हा रोग नसून ताप आहे. हार्डॉक्स ४५० ची प्लेट तर मुळातच ब्रिनेल ४२५ ते ४७५ ची. तिला ३५० ची कसोटी लावणं म्हणजे पहिलवानाला वजन जास्त म्हणून आखाड्याबाहेर काढणं.

खरा आरोपी हायड्रोजन. आणि तो आपल्या हवामानाशी थेट जोडलेला असल्यामुळे इथं जरा रेंगाळतो.

रॉडवरच्या लेपातला ओलावा, प्लेटवरचा गंज, ग्रीस, जुना रंग या सगळ्यांतून हायड्रोजन निघतो आणि वितळलेल्या पोलादात विरघळतो. पोलाद थंड झालं की त्याला आत जागा नसते. तो अणुरूपानं हळूहळू सरकत कठीण, ताणाखाली असलेल्या जागी गोळा होतो आणि तिथे तडा पाडतो. कठीण रचना, हायड्रोजन आणि ताण हे तिघं एकत्र आले आणि तापमान दीडशे-दोनशे अंशांखाली गेलं की हे घडतं. तिघांपैकी एकाला जरी हाकललं तरी तडा टळतो. यातली खोड अशी की तडा लगेच पडत नाही. काही तासांनी पडतो, कधी दुसऱ्या दिवशी. म्हणून उच्च ताकदीच्या पोलादाच्या जोडाची तपासणी ४८ तास थांबून करण्याचा दंडक आहे. वेल्डिंग झाल्या झाल्या हातोडी मारून ‘खणखणीत वाजतंय’ म्हणणं साध्या लोखंडाला चालून जातं, इथं नाही.

आपल्या दुकानांत सर्रास चालतो तो ६०१३ जातीचा रुटाइल रॉड. आर्क सहज पेटतो, मणी देखणा येतो, स्लॅग सुटतो. पण त्यातून जोडात उतरणारा हायड्रोजन दर शंभर ग्रॅम धातूमागे वीस मिलिलिटरच्या आसपास, कधी जास्तही. ७०१८ चा बेसिक रॉड नीट भाजून वापरला तर हेच प्रमाण पाचच्या आत येतं. ‘नीट भाजून’ हे शब्द महत्त्वाचे. त्या लेपातला ओलावा ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भट्टीत ठेवल्यावर जातो. आपल्याकडे पुडा फोडून रॉड उन्हात पसरतात. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यातलं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं हे खरं, पण पंचेचाळीस अंशांना लेपातलं बांधलेलं पाणी दाद देत नाही. दुसरी युक्ती म्हणजे रॉड जॉबला चिकटवून शॉर्ट करायचा आणि तो लाल झाला की ‘सुकला’ म्हणायचं. त्यानं लेप तडकतो. आणि श्रावणात उघड्या पुड्यातला बेसिक रॉड ओढला तर तो रुटाइलहून बरा उरत नाही. महाग तेवढा पडतो.

हायड्रोजनचा दुसरा उतारा प्रीहीट. शंभर-दीडशे अंशांपर्यंत प्लेट आधी तापवली की थंड होण्याचा वेग कमी होतो आणि हायड्रोजनला बाहेर पडायला सवड मिळते. एका दगडात दोन पक्षी. तापमान पाहायला ठरावीक अंशांवर वितळणारे खडू मिळतात, पण गावात पाण्याचा थेंब टाकतात. थेंब चर्र करून विरला तर शंभरच्या वर. मण्यासारखा नाचू लागला तर दोनशेच्या आसपास किंवा पुढे. मोजमाप म्हणून ओबडधोबड, पण थंड प्लेटवर थेट रॉड टेकवण्यापेक्षा शतपटीनं बरं. मात्र गॅसची ज्योत एका ठिपक्यावर मारून प्रीहीट होत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंना चार बोटं तरी उष्णता मुरली पाहिजे.

हे सगळं न पाळल्यावर काय होतं याचं शाळेतल्या धड्यासारखं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. मेलबर्नचा किंग स्ट्रीट पूल १९६१ मध्ये खुला झाला. गर्डर त्या काळच्या उच्च ताकदीच्या ब्रिटिश मानकाच्या पोलादाचे, कार्बन आणि मँगनीज दोन्ही चढे. गर्डरच्या तळाला जाडी वाढवण्यासाठी पट्ट्या वेल्ड केल्या होत्या, आणि पट्टी संपते तिथे आडवा जोड घेतला होता. १० जुलै १९६२ च्या कडाक्याच्या थंडीत सुमारे ४५ टनांचा ट्रेलर चढला आणि गर्डर मोडले. खालच्या काँक्रीटच्या भिंतींनी पूल तोलून धरला म्हणून माणसं वाचली. चौकशी आयोगाला तडे सापडले ते त्या आडव्या जोडांच्या कडेला, उष्णताबाधित पट्ट्यात. काही तड्यांच्या आत रंग उतरलेला होता. म्हणजे रंगाचा पहिला हात लागला तेव्हाच तडा हजर होता आणि कोणालाही दिसला नव्हता.

त्यानंतर पोलाद कारखान्यांनी आपली बाजू पुष्कळ सुधारली. आजच्या कमी कार्बनच्या नियंत्रित लाटणीच्या पोलादात बाजूच्या पट्ट्यात तडा जाणं अवघड झालं आहे. गंमत अशी की त्यामुळे तडा जोडाच्या मण्यातच सरकला. कारण मण्याला तीच ताकद द्यायची तर मिश्रधातू घालावे लागतात, आणि मणी काही लाटून सुधारता येत नाही. म्हणून ‘रॉड प्लेटइतकाच ताकदवान हवा’ हा जुना आग्रह सैल झाला. एस ६९० सारख्या उच्च ताकदीच्या पोलादात जिथे जोडावर पूर्ण ताण येत नाही तिथे मुद्दाम मऊ रॉड वापरतात. हार्डॉक्स बनवणारी कंपनीही ५०० मेगापास्कलपर्यंतच्या यील्डचा साधा रॉड सुचवते. टिपर दुरुस्त करणाऱ्याला हे सांगितलं तर तो हसतो. इतक्या कडक प्लेटला इतका नरम रॉड? हो, कारण नरम मणी थोडा ताणला जातो आणि तडकत नाही.

इथं विषयाला दुसरी बाजू फुटते. क्वेंच-टेंपर पोलादाला कारखान्यातच पाणी देऊन शेकलेलं असतं. वेल्डिंगची उष्णता फार झाली तर ते शेकणं वाया जातं आणि पट्टा कठीण होण्याऐवजी मऊ पडतो. टीएमटी सळईतही तेच. बाहेरचं कठीण कडं आणि आतला नरम गाभा अशी ती रचना. दोन सळया भरपूर करंट लावून वेल्ड केल्या की कड्याची ताकद त्या जागी ओसरते. म्हणजे ८०० ते ५०० चा प्रवास फार वेगानं झाला तर तडा, फार संथ झाला तर मऊपणा. एस ६९० ला साधारण पाच ते पंधरा-वीस सेकंदांची खिडकी मानतात. ती साधायची तर व्होल्ट, अँपिअर आणि हाताचा वेग यांचा मेळ लागतो. २४ व्होल्ट, १२० अँपिअर आणि मिनिटाला १५० मिलिमीटर असा हात चालला तर दर मिलिमीटरमागे सुमारे १.१५ किलोज्यूल वीज खर्ची पडते. हात अर्ध्या वेगानं चालला की आकडा दुप्पट. सगळी गणितं शेवटी वेल्डरच्या मनगटावर येऊन बसतात.

आणखी एक गोष्ट ट्रॉली बांधणाऱ्यांनी भिंतीवर लिहून ठेवावी अशी. पोलादाची ताकद दुप्पट झाली म्हणून वेल्ड केलेल्या जोडाचा थकवा सोसण्याचा दम दुप्पट होत नाही. जवळपास तेवढाच राहतो. कारण थकव्याचा तडा मण्याच्या पायथ्याशी असलेल्या बारीक खाचेतून सुरू होतो, आणि खाचेला पोलादाची प्रत कळत नाही. उच्च ताकदीचं म्हणून प्लेट पातळ केली तर जोड उलट लवकर जातो. खड्ड्यांतून रोज हिसके खाणाऱ्या कडीला भारी पोलादापेक्षा ग्राइंडरनं पायथा गुळगुळीत करून घेणं जास्त मानवतं.

दुकानापर्यंत यातलं काय पोचलं? फार थोडं, आणि दोष एकट्या वेल्डरचा नाही. अँगल-चॅनल विकत घेताना टेस्ट सर्टिफिकेट कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. भंगार वितळवून लाटलेल्या मालात कार्बन किती, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हातात धरून मोजायची उसळीवाली कठीणपणा-यंत्रं मिळतात, पण त्यांची खूण या अरुंद पट्ट्याच्या मानानं मोठी पडते, त्यामुळे त्यांचा आकडा शेजारच्या चांगल्या पोलादाचाही असू शकतो. मग दुकानानं करावं काय? कमानीचा पाटा कडीला वेल्ड करू नये. जाड प्लेटला बोटाच्या पेराएवढे टाके मारू नयेत. टाका किमान पन्नास मिलिमीटर घ्यावा. जोडाबाहेर रॉड टेकवून आर्क पेटवू नये, कारण तो ठिपकाही पाणी दिलेलाच असतो. आणि चार दुकानांनी वर्गणी काढून रॉड भाजायची एक छोटी भट्टी घ्यावी.

आर्वी तालुक्यात धनोडीजवळ निम्न वर्धा धरणाला ३१ दरवाजे आहेत. अशा दरवाज्यांना बहुधा सोशिक, सहज वेल्ड होणारं पोलाद निवडतात, आणि ते शहाणपणाचं आहे. जिथे ताकदीची खरोखर गरज नाही तिथे ती विकत घेऊ नये, हे मत मी ट्रॉलीवाल्यांनाही देईन.

आणि पुढच्या वेळी कडी तुटली तर तुकडा भंगारात फेकू नका. तुटलेली दोन्ही तोंडं एकमेकांवर घासू नका, तेलही लावू नका. उजेडात धरून पाहा. सगळं तोंड चकचकीत असेल तर ते आज तुटलं. पण मण्यालगत नखाएवढी काळपट, गंजलेली चंद्रकोर दिसली, तर तिथला तडा आजचा नाही. ट्रॉली दुकानातून बाहेर पडली त्याच आठवड्यातला असू शकतो.